खमक्या माणसाची वाट पाहणं सोडा

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला की कोकणात एक वाक्य हमखास कानावर पडतं: इथं एखादा श्रीधरन असता तर रस्ता केव्हाच झाला असता. बोलणाऱ्याचा संताप खरा आहे. चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्यानंतर सरकारं बदलली, मंत्र्यांचे पाहणी दौरे झाले, गणपतीच्या आधी निदान एक मार्गिका पूर्ण करू अशी आश्वासनं वर्षामागून वर्षं दिली गेली, आणि चाकरमानी मात्र खड्डे चुकवत गावाला जात राहिले. याच डोंगरांतून, याच पावसात, याच खाड्यांवरून रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली साडेसात वर्षांच्या आत उभी राहिली होती. दोन कामांची तुलना होणारच, आणि व्हायलाही हवी.

त्या तुलनेतून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. तो साधारण असा असतो: मोठं काम एकाच खमक्या माणसाच्या हाती द्यावं, त्याला नियमांतून मोकळं करावं, आणि जमीनमालक, पर्यावरणवाले, न्यायालयं, लेखापरीक्षक या सगळ्यांना त्याच्या वाटेतून बाजूला करावं. मग बघा काम कसं धावतं. या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो मी आधीच मान्य करतो. जबाबदारी एका माणसावर नसली की ती कुणावरच नसते. महामार्गाच्या कामात हे आपण रोज पाहतो. पण एवढ्या एका सत्यावर उभं केलेलं बाकीचं मत कोकण रेल्वेच्या इतिहासाला धरून नाही. ज्या कामाचा दाखला दिला जातो, तेच काम या मताच्या विरोधात साक्ष देतं.

दिवा-पनवेल मार्ग १९६०च्या दशकात झाला आणि गाडी १९६६ साली आपट्यापर्यंत पोचली. तिथून पुढे रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. मधल्या वीस वर्षांत भारतीय रेल्वेकडे हुशार अभियंते नव्हते का? कडक शिस्तीचे अधिकारी नव्हते का? बॅरिस्टर नाथ पै यांच्यासारखा खासदार संसदेत कोकणासाठी तळमळून बोलत होता, मधू दंडवते यांनी तो धागा पुढे नेला, आणि दंडवते १९७७ ते १९७९ या काळात स्वतः रेल्वेमंत्री होते. तरीही मार्ग इंचाइंचानं सरकत राहिला, कारण पैसा वर्षाच्या अंदाजपत्रकातून तुकड्या-तुकड्यानं यायचा. ज्या वर्षी जेवढी तरतूद, त्या वर्षी तेवढाच भराव. खमका माणूस मंत्रालयाच्या खुर्चीत बसूनही व्यवस्था तीच असली तर काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

१९९० साली बदलली ती व्यवस्था. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, दंडवते अर्थमंत्री, आणि रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. तिघांचंही नातं याच किनाऱ्याशी जोडलेलं. त्यांनी रेल्वेच्या नेहमीच्या चौकटीबाहेर स्वतंत्र महामंडळ काढलं. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा बाजारात रोखे विकून उभा करायचा. म्हणजे चार राज्यं नुसती टाळ्या वाजवायला नव्हती, त्यांचेही पैसे अडकले होते. जमिनीचं काम रखडलं तर त्या राज्याचंही नुकसान होणार होतं. रोख्यांवरचं व्याज दर महिन्याला चढत होतं, त्यामुळे उशिराची किंमत कागदावर दिसत होती. ई. श्रीधरन या चौकटीत महामंडळाचे प्रमुख म्हणून आले, तेही रेल्वेतून निवृत्तीच्या वयाला पोचल्यावर. त्यांचं कर्तृत्व मी तसूभरही कमी लेखत नाही. पण १९७० साली आपटा-रोहा मार्गावर त्यांना नेमलं असतं तर त्यांनाही पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागली असती.

श्रीधरन यांनी स्वतः काय केलं तेही नीट पाहायला हवं, कारण लोकांच्या मनातली त्यांची प्रतिमा दरडावणाऱ्या माणसाची आहे. त्यांनी अख्खा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटला आणि प्रत्येक ठिकाणी मुख्य अभियंता बसवला. निर्णयाचा अधिकार त्यांना दिला. बोगद्यात पाणी लागलं तर पुढचा उपाय ठरवायला बेलापूरच्या मुख्यालयात फाईल पाठवून महिनाभर थांबावं लागू नये, यासाठी ती रचना होती. कंत्राटदाराची बिलं विनाकारण अडवून ठेवायची नाहीत हाही त्यांचा कटाक्ष. कार्यालयांत उलटी चालणारी घड्याळं लावलेली असायची आणि किती दिवस उरले ते सगळ्यांना दिसायचं, साहेबालाही आणि कारकुनालाही. यात सत्ता एका हातात गोळा करण्याचा भाग कुठे आहे? हे सत्ता वाटून देणं आहे. ज्याच्या डोळ्यांसमोर दगड आहे त्यानं सुरुंग कुठे लावायचा ते ठरवावं, आणि वरच्यानं पैसा, जमीन आणि पाठबळ वेळेवर पोचवावं, ही ती पद्धत.

तरीही ते घड्याळ चुकलं. या गोष्टीचा उल्लेख गौरवाच्या भाषणांत सहसा होत नाही. सप्टेंबर १९९० मध्ये रोह्याला पायाभरणी झाली तेव्हा उद्दिष्ट पाच वर्षांचं होतं. संपूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. दोन वर्षांहून जास्त उशीर. अर्थात एवढ्या उशिरानंतरही ते काम थोर आहे, पण उशीर का झाला हे समजून घेतलं तर नियोजनाचा गाभा कळतो.

दक्षिणेकडे उडुपीपर्यंत आणि उत्तरेकडे वीरपर्यंत गाड्या १९९३ साली धावू लागल्या. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कठीण कातळात खोदला गेला, त्यासाठी स्वीडनहून ड्रिलिंगची यंत्रं आणली. पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभा राहिला, आणि त्यासाठी गाळे एका टोकाकडून पुढे ढकलत नेण्याची पद्धत भारतात प्रथम वापरली गेली. १९९६ च्या डिसेंबरात रूळ सावंतवाडीपर्यंत पोचले. आणि मग सगळं अडलं ते पेडण्यात. कातळाऐवजी पाण्यानं भिजलेली चिकणमाती लागली. खणलेला भाग कोसळायचा, पुन्हा खणावा लागायचा. परदेशी यंत्रांचा तिथं उपयोग नव्हता, हातानं, इंचाइंचानं पुढे जावं लागलं. बाकी शेकडो किलोमीटर तयार, आणि दीड किलोमीटरच्या बोगद्यासाठी अख्खा मार्ग खोळंबलेला. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या पुस्तकात ज्याला क्रिटिकल पाथ म्हणतात तो हाच: कामांची अशी साखळी की तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. त्या साखळीवर नसलेल्या कामांत कितीही घाई केली तरी शेवटची तारीख हलत नाही. चिखल कुणाच्या धाकानं सुकत नाही. तिथं हवी असते आगाऊ भूगर्भ-तपासणी, आणि खालच्या अभियंत्याला 'साहेब, हे दिलेल्या मुदतीत होणार नाही' असं न घाबरता सांगता येईल असं वातावरण.

आता दुसरा आक्षेप: लोक आणि न्यायालयं कामं अडवतात. रेल्वेसाठी सुमारे ४२,००० खातेदारांची जमीन घ्यावी लागली. कायदा १८९४ चा होता, म्हणजे सरकारच्या हातात दंडुका होता. तरी महाराष्ट्रात मोठ्या भागात अधिकारी गावोगावी बसले, नकाशे दाखवले, आडवी येणारी देवळं गावाच्या संमतीनं हलवली. जमीन लवकर मिळाली ती त्यामुळे. गोव्यात उलट घडलं. खाजन जमिनी, दाट वस्ती आणि जुन्या गोव्याचा वारसा यांच्याजवळून मार्ग जाणार म्हणताच लोक उभे राहिले, १९९३ साली काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांची समिती नेमावी लागली. पुढे रेल्वे बऱ्याच अंशी आधी आखलेल्या मार्गानंच गेली. यावर कुणी म्हणेल की मग आंदोलन फुकट गेलं आणि वेळही वाया गेला. मी म्हणेन की खाजनातून पाणी कसं वाहतं, बांध कुठे आहेत, भराव टाकला तर शेताचं काय होईल, हे प्रश्न आराखड्याचेच प्रश्न होते. ते पहिल्या वर्षी विचारले असते तर तिसऱ्या वर्षी मोर्चातून ऐकावे लागले नसते.

महामार्गाकडे पाहा. परशुराम घाटात काम वर्षानुवर्षं रखडलं त्याचं एक मोठं कारण मोबदला कुणाला द्यायचा हा वाद होतं: देवस्थानाला, खोतांना की कुळांना. कोकणातल्या जमिनीची ही गुंतागुंत नवी नाही. खोती आणि कुळकायदा ज्याला माहीत आहे असा कुठलाही तलाठी हा वाद येणार हे निविदा निघण्याआधी सांगू शकला असता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि मग दोष 'स्थानिकांच्या विरोधा'वर टाकला गेला. कर्नाळा अभयारण्याची परवानगीही आकाशातून पडलेली अडचण नव्हती. अभयारण्य चौपदरीकरणाच्या आधीपासून नकाशावर होतं. ज्या अडचणी आधी दिसत होत्या त्यांना अडथळा म्हणणं ही जबाबदारी झटकणं आहे.

आणि वेग. वेगाचं कौतुक करताना आपण हिशेबातून माणसं वगळतो, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कोकण रेल्वेच्या बांधकामात ७४ जणांचा जीव गेला, त्यातले १९ जण मऊ मातीच्या बोगद्यांत. मार्ग सुरू झाल्यावर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीजवळ दरडीमुळे रुळावरून घसरून पुलाखाली गेली. त्यानंतर कटिंगचे उभे उतार कापून सौम्य केले गेले, दगड अडवायला जाळ्या लागल्या, पावसाळी गस्त वाढली, पावसाळ्यात वेग कमी ठेवण्याचा दंडक पडला. आज पावसाळी वेळापत्रक आपल्याला सवयीचं झालं आहे. पण ही सगळी कामं बांधकामाचाच भाग होती. उद्घाटनाच्या तारखेनंतर ती झाली, म्हणजे मार्गाचं काही काम १९९८ साली पूर्ण झालेलंच नव्हतं. दरड कोसळून जो प्रवासी गेला, त्याच्या दृष्टीनं काम 'वेळेत झालं' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून नीतीचा विचार हा वेळापत्रक आखून झाल्यावर शेवटी जोडायचा परिच्छेद असू शकत नाही. उताराचा कोन किती ठेवायचा, सिमेंटला किती दिवस पाणी मारायचं, पावसात खोदकाम थांबवायचं की नाही, हे वेळापत्रकाचे निर्णय आहेत आणि त्याच क्षणी ते माणसांच्या जिवाचेही निर्णय आहेत. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचा बांधकामातला पूल कोसळून सहा जण गेले. तेव्हा दिल्ली मेट्रोचे प्रमुख असलेल्या श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, पण ज्या माणसाचा दाखला देऊन आपण नियमांतून सूट मागतो, त्यानं स्वतःसाठी अशी सूट घेतली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला याच महामार्गाच्या उड्डाणपुलाचे बांधकाम सुरू असताना गर्डर कोसळले. त्या दिवशी कुणी राजीनामा दिल्याचं तुम्हाला आठवतं का?

तर मग हवं काय? याच महामार्गावर त्याचं उत्तरही आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह नदीत गेल्या. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरू झाला. त्या पुलाशी कुणा एका महानायकाचं नाव जोडलेलं नाही. खातं तेच, राज्य तेच, पाऊस तोच. फरक एवढाच की पैसा हाताशी होता, निर्णय कुणी घ्यायचा ते ठरलेलं होतं, आणि कामाची तारीख साऱ्या राज्याला ठाऊक होती. याचा अर्थ क्षमता आपल्याकडे आहे. पण या पुलाच्या कहाणीची दुसरी बाजूही विसरता येत नाही: जुन्या पुलाची २०१६ च्याच मे महिन्यात पाहणी झाली होती आणि धोका नसल्याचा निर्वाळा दिला गेला होता. शंका कुणाच्या मनात आली होती का, आली असेल तर ती कागदावर उतरली का, उतरली असेल तर कोणाच्या टेबलापर्यंत गेली? मोठ्या कामाचं नेतृत्व या प्रश्नांवरून जोखावं. वाईट बातमी खालून वर किती वेगानं जाते आणि ती आणणाऱ्याचं पुढे काय होतं, यावरून.

माझी मागणी नेमकी आहे. महामार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर, रस्त्याच्या कडेला, लोकांना वाचता येईल असा तक्ता लावा: किती जमीन ताब्यात आली, किती अडली आणि कुणाच्या सहीसाठी, या टप्प्याचा जबाबदार अभियंता कोण, दर्जाच्या कुठल्या चाचण्या झाल्या आणि त्यांत काय आढळलं, किती कामगार जखमी झाले वा मेले. अधिकाऱ्यांचं म्हणणं मला माहीत आहे: असा तक्ता लावला तर उद्या तोच न्यायालयात आमच्याविरुद्ध दाखवला जाईल. दाखवला जावा. कुठली सही कुठल्या टेबलावर अडली हे न्यायालयाला दिसलं तर आदेश त्या टेबलापुरता निघेल. आज तो सगळ्या रस्त्यासाठी निघतो, आणि म्हणून तो पाळण्याची पाळी कुणा एकावर येतच नाही.