हक्काचा कागद आणि पासबुकावरची सही

हेब्बाळ म्हटले की बंगळूरला बदलून आलेल्या आपल्या माणसांना उड्डाणपूल आणि त्याच्या कडेचे तळे आठवते. हे तळे 2004 साली तळे विकास प्राधिकरणाने पंधरा वर्षांच्या कराराने एका बड्या हॉटेल कंपनीच्या हवाली केले. सबब नेहमीचीच, तळे राखायला पैसा नाही. बंगळूरच्या तळ्यांवर गवत कापणारे, मासे धरणारे, कपडे धुणारे लोक पिढ्यानपिढ्या जगत आले. तळी त्यांच्याच हाती द्यावीत आणि देखभालीसाठी त्यांनाच चार पैसे द्यावेत, असे मात्र एकाही साहेबाला सुचले नाही. तळ्यांच्या या खासगीकरणाविरुद्ध 2008 साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागली.

याच हेब्बाळमध्ये एके काळी ‘एट्री’ या संशोधन संस्थेचे कार्यालय होते. तिचे अभ्यासक चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासींबरोबर वर्षानुवर्षे काम करीत आले. सोलिगांची हकिकत आपल्या वाचकांनी ऐकावी अशी आहे. 1974 साली तो डोंगर अभयारण्य झाला आणि त्यांची फिरती शेती संपली. उन्हाळ्याच्या तोंडाला जमिनीलगतचा पाचोळा जाळण्याची त्यांची रीत गुन्हा ठरली. पुढे घाणेरीने, म्हणजे आपल्या टणटणीने, ते जंगल व्यापले. आग लावू दिली असती तर ही वेळ आली नसती, असे सोलिगा म्हातारे सांगत राहिले. त्यांचे म्हणणे शास्त्रज्ञांनी पुष्कळ उशिरा मनावर घेतले. 2011 च्या जानेवारीत तेथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वनहक्क कायद्याखाली पंचवीस ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ.

हक्क मिळाले म्हणजे काय मिळाले? कागद मिळाला. जंगल राखण्याची जबाबदारी कायद्याने ग्रामसभेवर आली. पण घाणेरी उपटायची, जाळरेषा काढायच्या, वणव्यावर पाळत ठेवायची, तर मजुरी लागते. ती कोण देणार? व्याघ्र प्रकल्पाचा पैसा वनखात्याच्या हातून खर्च होतो. सोलिगा त्यात रोजंदारीवर लागला तर लागला. मालक तो आणि मजूरही तोच, हजेरीपट मात्र साहेबाकडे.

आपल्या पोस्टातल्या बांधवांना हे चटकन कळेल. रोजगार हमीची मजुरी पोस्टाच्या खात्यावर येत होती, तेव्हा त्यांनी काउंटरवर पाहिले आहे की पासबुक कुणाच्या नावाचे हा एक प्रश्न असतो आणि पैसे काढण्याच्या स्लिपवर सही कुणाची हा दुसरा. आदिवासींच्या जमिनीबाबत पहिला प्रश्न कागदावर बराचसा सुटला आहे. दुसऱ्याला कुणी हात लावीत नाही.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव सर्वांना ठाऊक आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्याच गावाची. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो वाहून नेण्याचा परवाना वनखाते देईना. विकता न येणारा बांबू घेऊन गाव दोन वर्षे भांडले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या समक्ष वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या पुस्तकावर सही करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आल्यावरच गावाच्या खात्यात बांबूचा पैसा दिसू लागला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. पण प्रत्येक गावाला मेंढ्यासारखी चाळीस वर्षांची तयारी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सोबती कुठून मिळणार?

पैसा नाही, हे तर साफ खोटे आहे. जंगलाची जमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला दिली की त्याबद्दल भरपाईची रक्कम भरावी लागते. हाच तो ‘कॅम्पा’ निधी. रेल्वेचीही यातून सुटका नाही. वडसा-गडचिरोली या 52 किलोमीटरच्या मार्गात वनजमीन गेली आहे, हे त्या भागातल्या गँगमनला सांगायला नको. या निधीचा कायदा 2016 साली झाला. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47,436 कोटी रुपये वाटले. महाराष्ट्राच्या वाट्याला 3,844 कोटी आले, कर्नाटकाच्या वाट्याला 1,350 कोटी. जंगल गेले गावाचे आणि भरपाई जमा झाली खात्याकडे. 2018 च्या नियमांत ग्रामसभेशी विचारविनिमयाची भाषा आहे. विचारविनिमय कसा असतो, हे वाटाघाटींच्या टेबलाशी बसलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना कुणी शिकवायला नको!

एक अपवाद नोंदवला पाहिजे. महाराष्ट्राने 2015 साली आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय घेतला, आणि त्याचा विनियोग ग्रामसभांनी ठरवायचा. वनहक्काची अंमलबजावणी आणि वनसंवर्धन हे विषय त्यात आहेत. 2024 च्या धरती आबा अभियानातही सामूहिक वनहक्काच्या आराखड्यांसाठी तरतूद आहे. दिशा बरोबर आहे, वेग बैलगाडीचा आहे. परदेशातही निराळे चित्र नाही. 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत आदिवासींच्या भूमिहक्कासाठी 170 कोटी डॉलर जाहीर झाले. पहिल्या वर्षी खर्च झालेल्या रकमेतील अवघे सात टक्के थेट त्यांच्या संघटनांपर्यंत पोचले. बाकीचे मधल्या संस्थांमार्फत गेले.

गावाच्या हाती पैसा दिला तर गाव खाईल, अशी शंका आपल्यातलेही काहीजण काढतात. खाणारे गावातही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेंदूपानांच्या व्यवहारात कंत्राटदारांनी काही ग्रामसभांचे पैसे थकवले, कारण करार नीट वाचणारा आणि हिशेब लिहिणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्यात 2017 साली जीएसटीने तेंदूपानावर अठरा टक्के बसवले. पण यावरचा उपाय पैसा काढून घेणे हा नव्हे. ग्रामसभेला पगारी हिशेबनीस द्या, सचिव द्या, आणि तो खर्च कॅम्पातून करा. कामगारांना सोसायटी चालवता येणार नाही, असे आपल्यालाही एके काळी सांगितले गेले होते.

शिवाय आपले एक जुने देणे आहे. रेल्वेला साल, साग, देवदाराचे स्लीपर हवे होते. त्यांच्या हव्यासापायी इंग्रजांनी 1864 मध्ये वनखाते उभारले, 1865 आणि 1878 चे कायदे केले आणि गावांची जंगले सरकारजमा केली. सिमेंटचे स्लीपर आले तरी जंगल काही गावांकडे परत आले नाही.

म्हणून फेडरेशनच्या येत्या अधिवेशनात ठराव यावा की, ज्या गावाचे जंगल त्या गावाच्या ग्रामसभेच्या खात्यात कॅम्पाचा हिस्सा थेट जमा व्हावा. नागपूर आणि चंद्रपूरच्या शाखांनी आपल्या निवृत्त लेखा कर्मचाऱ्यांची यादी करावी आणि वर्षातून दोन आठवडे गडचिरोलीच्या ग्रामसभांच्या वह्या तपासायला कोण येईल, हे त्यांना विचारावे. ठरावाचा मसुदा मराठीत हवा आणि त्याचा गोंडी अनुवादही झाला पाहिजे.