मागच्या दारावरचा बिल्ला

पाऊस लागला की गॅरेजात एक तक्रार हमखास येते : "वळताना स्टिअरिंग जड जातंय, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटते." मेस्त्री बॉलजॉइंट हलवून बघतो, टायरची हवा तपासतो, स्टिअरिंगला हात घालतो. दोष कशातच सापडत नाही. मालकाने चिखलातून निघताना लिव्हर ४एचला टाकलेला असतो आणि डांबरीवर आल्यावर तो २एचला घ्यायचं राहून गेलेलं असतं. मग दुसरा गिऱ्हाईक विचारतो, "माझीही गाडी चारही चाकांवर ओढते, मला का नाही असा लिव्हर?"

दोघांचं उत्तर एकाच जागी आहे : पुढच्या आणि मागच्या आक्साच्या मधे काय बसवलंय?

थार किंवा जिम्नीत ट्रान्स्फर केस ४एचला दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. मधे डिफरन्शियल नाही. आता हिशेब करा. तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. मागच्या आक्साचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळला, तर पुढच्याचा सुमारे ५.५७ मीटरने वळतो. काटकोनातल्या एका वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा ९० सेंटिमीटर जास्त धावतात. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो जिरायला जागाच नाही, म्हणून शाफ्ट पिळले जातात, क्रॉसवर ताण येतो, टायर ओरबाडले जातात. अशा वेळी लिव्हरही अडकून बसतो. त्याच्याशी झोंबाझोंबी करू नका. गाडी चार-पाच मीटर सरळ मागे घ्या, पीळ सुटला की लिव्हर आपोआप निघतो.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये हा फरक सामावून घ्यायची सोय मधेच केलेली असते. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये ते काम मधलं डिफरन्शियल करत होतं. ग्रँड व्हिटारासारख्या आजच्या गाड्यांत पुढची चाकं नेहमी ओढतात आणि कॉम्प्युटर गरजेनुसार कपलिंगच्या क्लचप्लेट दाबून मागच्या चाकांना ताकद देतो. म्हणून ग्रँड व्हिटारा कोरड्या रस्त्यावरही निर्धास्त चालते. पण तिला लो रेंज नाही. जिम्नीची ४एल ओढ जवळपास दुप्पट करते. खड्या चढावर किंवा दगडगोट्यांत कपलिंगवाली गाडी तिची बरोबरी करू शकत नाही, उलट कपलिंग तापतं.

आणि गंमत बघा, या दोन्ही सुझुकींच्या यंत्रणेचं नाव 'ऑलग्रिप'च. एकीला 'प्रो', दुसरीला 'सिलेक्ट', एवढाच फरक. मागच्या दारावरचा बिल्ला वाचून काम सुरू करणारा मेस्त्री इथेच फसतो.

फसल्याची किंमत टायरपासून सुरू होते. गिऱ्हाईक पैसे वाचवायला दोनच टायर बदलायला सांगतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर, जुन्याची ३ उरलेली. १७ इंची रिमच्या गाडीत चाकाच्या घेरात जवळपास दीड टक्का फरक पडला. म्हणजे शंभर किलोमीटरमागे दीड किलोमीटर. कॉम्प्युटरला हे चाक घसरल्यासारखं दिसू शकतं, मग प्लेट घासतात, तेल जळतं. कंपनीच्या पुस्तकात किती फरक चालतो ते बघा. शंका असेल तर चारही टायर एकसारखे घाला.

टोचनाचंही तेच. कपलिंगवाल्या गाडीची दोनच चाकं उचलून नेऊ नका, सपाट ट्रकवरच चढवा. आणि फक्त मागची बाजू जॅकवर घेऊन इंजिन गिअरमध्ये फिरवू नका. जमिनीवरची चाकं गाडी ढकलतील आणि खाली माणूस असेल.

गिऱ्हाइकाला मात्र एक गोष्ट दोन्ही प्रकारांत सारखीच सांगायची : चारही चाकांची ओढ गाडी चालायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. ओल्या घाटात उतरताना टायर गोटा झालेला असेल, तर बिल्ला कामाला येत नाही.

२०२५ साली आलेल्या हॅरिअर ईव्हीच्या चारही चाकं ओढणाऱ्या आवृत्तीत दोन्ही आक्सांना वेगवेगळ्या मोटारी आहेत. मधे शाफ्टच नाही. आपला प्रश्न तिथेही तोच राहतो, फक्त उत्तर "काहीच नाही" असं येतं. तेव्हा या पावसाळ्यापासून जॉबकार्डावर गाडीच्या नंबराखाली एक रकाना आखा : 'मधे काय?' तो भरल्याशिवाय पान्ह्याला हात लावू नका.