सायकलीवर बसण्याची लाज कसली?

पंचवीस वर्षांनंतर आम्ही पुन्हा सायकलीवर बसलो. पहिल्याच दिवशी रेल्वेपुलाच्या चढावर उतरून चालावे लागले आणि गुडघे दोन दिवस बोलत राहिले. त्याचे काही वाटले नाही. बोचले ते लोकांचे प्रश्न. ‘गाडी विकली काय?’ ‘पेट्रोल परवडेना झाले का?’ रविवारी मिस्साला सायकलीने गेलो, तर एका वयस्क भगिनींनी बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘घरी सर्व ठीक आहे ना, भाऊ?’ त्यांची काळजी खरी होती. म्हणूनच हे लिहिणे भाग आहे.

खानदेशात सायकल ही दारिद्र्याची खूण केव्हापासून झाली? जळगावात काय, धुळ्यात काय, शिक्षक, कारकून, पोस्टमन सायकलीनेच जात. तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून आमची पिढी शिकली आणि फुटलेले कोपर सदऱ्याच्या बाहीत लपवून घरी परतली. मग स्कूटर आली, मोटार आली. वाहन बदलले, याला आमची हरकत नाही. परंतु जुन्या वाहनावरचा माणूसही आमच्या नजरेत लहान झाला, ही हरकतीची गोष्ट आहे. ‘अॅटलस’चा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना हळहळ वाटली?

सायकल सोडली ती आपण; गरिबाला ती सोडता आलीच नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यांकडे भल्या पहाटे डबा अडकवून निघालेले कामगार पाहा. खेड्यापाड्यांतून शाळेत येणाऱ्या मुली पाहा. आम्हांला विचारलेल्या त्या प्रश्नातली कीव रोज त्यांच्या वाट्याला येते, आणि त्यांना तर बाजूला घेऊन कोणी विचारतही नाही.

उन्हाचा आक्षेप आम्हांला मान्य आहे. वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा भर दुपारी सायकल काढणे हा शहाणपणा नव्हे. पण सकाळची मिस्सा काही दुपारी नसते! महामार्गाचे भय मात्र खरे आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे मार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. दुसऱ्याची वाट जळगाव शहराच्या मधोमध गेली. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. अशा मागणीत मोटारीत बसलेला सुखवस्तू माणूस क्वचितच पुढे असतो, कारण रस्त्याची कड त्याच्या पायांखाली येतच नाही. तो सायकलीवर बसला, तर त्याच्या अर्जाला वजन येईल.

आपल्या ख्रिस्तसभेला तरी सायकलीचे वावडे नाही. इटलीतील गिझाल्लोच्या मरियामातेला पोप पायस बारावे यांनी १९४९ मध्ये सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. जिनो बार्ताली या श्रद्धाळू कॅथलिक शर्यतपटूने महायुद्धात ज्यूंना वाचवणारी बनावट कागदपत्रे सायकलीच्या नळीत दडवून नेली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एकदोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारींनी होणारी कोंडी आणि प्रदूषण यांवर बोट ठेवले. त्यावर आपण प्रवचने ऐकली, माना डोलावल्या आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या घरी मोटारीने परतलो.

आमच्या चर्चच्या आवारात मोटारींसाठी चुन्याच्या रेघा आखल्या आहेत. सायकल मात्र भिंतीला टेकवावी लागते, आणि ती पडली की ओशाळून उचलावी लागते. धर्मग्राम मंडळाच्या पुढील सभेत आम्ही कडुनिंबाखाली सायकलींसाठी स्टॅण्ड मागणार आहोत. हवा भरण्याचा पंप आमच्याकडून.