बांधणाराचा बोजा आणि नोटिशीची अट

आमच्या वकिलीच्या व्यवसायांत एक गाऱ्हाणें आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, पक्षकारानें तोंड उघडण्यापूर्वींच पुढची हकीकत आम्हांस ठाऊक असते. इमारतीचें मुख्य कंत्राट एकानें घेतलें. त्यानें सेंट्रिंग, गिलावा, फरशी व नळकाम निरनिराळ्या पोटकंत्राटदारांस वांटून दिलें. इमारत उभी राहिली, सदनिका विकल्या गेल्या, आणि मुख्य कंत्राटदार हात वर करून मोकळा झाला. पोटकंत्राटदार मालकाकडे गेला तर मालक म्हणतो, ‘मी ज्याच्याशीं करार केला त्याचे पैसे चुकते केले, तुमचा माझा संबंध काय?’ कायद्याच्या दृष्टीनें हें उत्तर बहुतांशीं बरोबर आहे, आणि आमचें दुःख तेंच आहे.

१८७२ चा करारांचा कायदा उघडून पाहावा. त्याच्या १७० व्या कलमांत हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जव्हेऱ्याचा दाखला दिला आहे: मजुरी मिळेपर्यंत हिरा अडवून ठेवण्याचा त्यास हक्क आहे. १७१ व्या कलमानें पेढीवाले, अडते, धक्केवाले, विम्याचे दलाल आणि हायकोर्टाचे अॅटर्नी यांची तर विशेष सोय लाविली. (आमच्यासारख्या वकिलांनीं पक्षकाराचे कागद फीसाठीं अडवूं नयेत, असें सुप्रीम कोर्टानें २००० सालीं बजावलें, तें योग्यच झालें.) १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला मिळकतीवर बोजा दिला आहे, आणि आगाऊ पैसे भरलेल्या खरेदीदारालाही दिला आहे. राहिला तो एकटा गवंडी. विटेवर वीट चढली कीं ती जमिनीची होते, ताबा मालकाचा, मग अडवून ठेवावयाचें काय?

त्याच्या हातीं दावा उरतो. कामाची किंमत ठरलेल्या मुदतीशिवाय येणें असेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत तो लावावा. निकालापूर्वीं जप्ती मागावी तर, ही जप्ती असाधारण उपाय आहे व कर्जाची वसुली पक्की करण्याचें साधन म्हणून ती वापरूं नये, असें सुप्रीम कोर्टानें २००८ सालीं स्पष्ट केलें. हुकूमनामा हातीं येईपर्यंत प्रतिवादीपाशीं कांहीं उरत नाहीं. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानें ४५ दिवसांची मुदत व जबर चक्रवाढ व्याज ठेवलें खरें. परंतु बांधकामाचें कंत्राट त्यांत बसतें कीं नाहीं याविषयींच न्यायालयांत वाद आहेत, आणि बसलें तरी तो हक्क माणसावर आहे, मिळकतीवर नाहीं. दिवाळखोरीच्या २०१६ च्या संहितेंत घर घेणारांस २०१८ सालीं वित्तीय धनकोंच्या पंक्तीला बसविलें. माल व मजुरी पुरविणारा मात्र मागच्याच रांगेंत राहिला.

हे कायदे परकीय सरकारनें आपल्या घरचा रिवाज पाहून केले. इंग्लंडांत बांधणाराला जमिनीवर असा हक्क नव्हता व आजही नाहीं, म्हणून तो आपल्याकडेही आला नाहीं. परंतु त्याच इंग्रजी परंपरेंतून फुटून निघालेल्या अमेरिकेनें दुसरी वाट धरली. पोटोमॅक नदीच्या कांठीं नवी राजधानी बांधावयाची होती, तेव्हां कारागिरांना पैशाची हमी असावी म्हणून जेफर्सन व मॅडिसन यांच्या पुढाकारानें मेरीलंडच्या विधिमंडळानें १७९१ सालीं पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियानें तर १८७९ च्या आपल्या संविधानांतच हा हक्क लिहून ठेविला. स्वराज्यांत आपण तो अजून मनांतही आणिला नाहीं.

येथें एक आक्षेप येतो व तो खोटा नाहीं. मालकानें मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले असतां, ज्याचें नांवही त्यानें ऐकलें नव्हतें अशा फरशीवाल्यानें त्याच्या घरावर बोजा चढवावा, हा न्याय कसला? एकाच भिंतीचे पैसे दोनदां द्यावयाचे काय? या आक्षेपाला उत्तर एकच, आणि तें म्हणजे नोटीस. कॅलिफोर्नियांत ज्याचा मालकाशीं थेट करार नाहीं त्यानें काम वा माल सुरू केल्यापासून २० दिवसांच्या आंत मालक, मुख्य कंत्राटदार व बांधकामाला कर्ज देणारी पेढी यांस लेखी नोटीस द्यावी लागते. ती थकबाकीची तक्रार नव्हे. ‘मी या जागेवर काम करीत आहें’ एवढी ती वर्दी आहे. वर्दी मिळाली कीं शहाणा मालक मुख्य कंत्राटदाराचा हप्ता देण्यापूर्वीं पोटकंत्राटदाराची सहीची फारखत मागतो. उशीर झाला तर हक्क समूळ बुडत नाहीं. नोटिशीच्या आधींच्या २० दिवसांपासूनचेंच काम तेवढें पदरांत पडतें. रोजंदारीच्या मजुराला ही अट नाहीं, आणि तें फार चांगलें केलें आहे.

पुढें मुदती कडक आहेत. काम पुरें झाल्यावर ९० दिवसांत बोजा नोंदवावा. मालकानें समाप्तीची सूचना नोंदविली असेल तर पोटकंत्राटदाराला ३० च दिवस. नोंद झाल्यावर ९० दिवसांत दावा न केला तर बोजा अंमलांत आणतां येत नाहीं. सुनावणीवांचून मालमत्तेवर असा भार घालणें घटनाबाह्य आहे, हा मालकांचा युक्तिवाद तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं फेटाळला.

आम्हांस मात्र या व्यवस्थेंत एक भीति दिसते. दिवस मोजण्याची संवय वकील ठेवणाऱ्या मोठ्या पुरवठादाराला असते. नाक्यावरून चार माणसें घेऊन येणाऱ्या गिलाववाल्याला नसते. त्याचा हक्क पोस्टाच्या पावतीवर टांगला गेला तर कायदा कोणाच्या कामीं येईल, हें सांगावयास नको. म्हणून आपल्याकडे नोटिशीचा नमुना मराठींत, एका पानाचा असावा. आणि जागेवर कोण कोण पोटकंत्राटदार आहेत त्याची यादी लावण्याचें ओझें मुख्य कंत्राटदारावर असावें. यादींत नांव आलें कीं नोटीस दिली असें समजावें.

सदनिका घेणाऱ्याचाही विचार केला पाहिजे. आयुष्याची पुंजी घालून त्यानें घर घेतलें, त्याच्यावर अज्ञात बोजा कोसळतां कामा नये. जो बोजा दुय्यम निबंधकाच्या दप्तरीं नोंदला नाहीं तो त्याच्यावर चालूं नये, हा नियम त्यासाठीं पुरे. ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. मुंबईच्या विधिमंडळानें १९३९ सालीं हस्तांतरणाच्या कायद्याचें ५२ वें कलम दुरुस्त करून, मुंबईंतील मिळकतीवरील दाव्याची नोटीस नोंदविल्यावांचून ती मिळकत मध्यंतरीं घेणाऱ्यावर त्या दाव्याचें बंधन राहत नाहीं, असें ठरविलें.

हें दिल्लीचें काम आहे, अशी सबब सांगण्यांत येईल. शेतजमिनीखेरीज इतर मालमत्तेचें हस्तांतरण व करार हे दोन्ही विषय समवर्ती सूचींत आहेत. मध्यवर्ती कायद्याशीं विसंगति येत असेल तर राष्ट्रपतींची संमति घेऊन राज्याला आपला कायदा करतां येतो. सदनिकांच्या खरेदीदारांसाठीं महाराष्ट्रानें १९६३ सालीं स्वतःचा कायदा केला, तेव्हां कोणाची वाट पाहिली नव्हती. येत्या अधिवेशनांत एखाद्या सभासदानें अशासकीय विधेयकाच्या रूपानें तरी हा प्रश्न मांडावा. मसुद्यासाठीं लागेल ती मदत करण्यास आम्ही तयार आहों.