मोठा पडदा आणि खारा वारा

बत्तीस इंचांहून मोठे दूरचित्रवाणी संच आणि प्रोजेक्टर यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी पन्नास हजारांचा असलेला संच त्यामुळे ६४ हजारांऐवजी ५९ हजारांना पडतो. अंजनवेलसारख्या गावात होम थिएटरचा बेत आखणाऱ्यांना ही सवलत मोह घालणारच. परंतु वाचलेले पाच हजार आणखी मोठ्या पडद्यात घालणे शहाणपणाचे नाही.

समुद्रकाठी उपकरणांचा खरा शत्रू हवा आहे. खाऱ्या वाऱ्याने जोडण्या गंजतात, पावसाळ्यात प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते. चाकरमान्यांच्या बंद घरांना तर हे सांगायलाच नको. दुसरा प्रश्न विजेचा. एन्रॉनचा प्रकल्प याच परिसरात १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांच्या भागीदारीतील कंपनीकडे गेला. तरीही दारात वीज प्रकल्प असणे म्हणजे घरात अखंड वीज असणे नव्हे. वादळानंतर वीज परतताना व्होल्टेज उसळू शकते. म्हणून स्टॅबिलायझर आणि पक्के अर्थिंग यांचा खर्च आधी धरावा.

उरलेल्या पैशांत आवाजाकडे पाहावे. गिलावा केलेल्या भिंती आणि उघडी फरशी आवाज परतवतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच स्पीकर व सबवूफर यांचा स्वस्त संच गोंगाटच करील. त्यापेक्षा दोन चांगले स्पीकर, जाड पडदे आणि सतरंजी बरी. दुरुस्तीला माणूस घरी येणार का, हेही पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. पंचावन्न इंची संच घेऊन चिपळूण गाठणे सोपे नाही.