भाव चढला की कारखाना मोठा

रायपूरच्या उरला-सिलतरा पट्ट्यातली एखादी रोलिंग मिल घ्या. वर्षाला दहा हजार टन सळई, टनाला पन्नास हजार भाव, म्हणजे उलाढाल 50 कोटी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2020 च्या सरकारी व्याख्येनुसार ही मिल ‘लघु’. पोलाद कडाडले आणि तीच सळई साठ हजारांनी गेली, की मिल ‘मध्यम’. एक टन जास्त निघाला नाही, एक कामगार वाढला नाही. नफ्याचे तर विचारूच नका, कारण सळईचा कच्चा माल, म्हणजे बिलेटही महागलेले असते.

ही बढती अंगाशी येते. या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने खरेदीदाराने 45 दिवसांत पैसे चुकते करायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज भरायचे. पण हे कवच सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांनाच. बढती मिळालेल्यांचे जुने लाभ तीन वर्षे चालू ठेवण्याची सोय 2022 मध्ये करावी लागली, यातच सगळे आले.

1 एप्रिल 2025 पासून लघुची उलाढालीची मर्यादा 100 कोटींपर्यंत गेली, मध्यमची 500 कोटींपर्यंत. आपली मिल परत लहान झाली. पाचशे कोटींचा धंदा ‘मध्यम’ म्हटल्यावर पगारदार मध्यमवर्गाने आता दुसरे नाव शोधावे.

पन्नासच्या दशकातल्या व्याख्येत पाच लाखांच्या भांडवलाबरोबर माणसेही होती: वीज वापरणाऱ्या कारखान्यात पन्नासपेक्षा कमी, न वापरणाऱ्यात शंभरपेक्षा कमी. 1960 मध्ये ती अट गेली. युरोपीय संघ अजूनही अडीचशेच्या आत माणसे आहेत का, हे विचारतो. आपल्याकडे 1997 मध्ये गुंतवणुकीची मर्यादा तीन कोटी झाली आणि दोनच वर्षांत एक कोटीवर आली. काही कारखाने जागचे न हलता थोर झाले! उलाढालीचा आकडा जीएसटीतून आयता मिळतो, हे सोयीचे खरे. सोय सरकारची. मोजायचेच तर टन मोजा, माणसे मोजा, सळईचा भाव कशाला?

रायपूरच्याच पंडरी कापड बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला 2017 मध्ये या उद्योगांच्या यादीतून काढले आणि 2021 मध्ये परत घेतले, पण फक्त अग्रक्रमाच्या कर्जापुरते. त्यामुळे बँकेच्या दारात तो लघुउद्योजक असतो आणि थकलेली उधारी मागायला गेला की निव्वळ दुकानदार.