शंभरपर्यंत येतं, पण पाच चमचे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची सूनबाई कौतुकाने म्हणाली, "काकू, आमच्या सोन्याला शंभरपर्यंत येतं!" साडेचार वर्षांचं पोर. एका दमात म्हणूनही दाखवलं त्याने. मी सहज म्हटलं, "बाळा, पाच चमचे आण बरं." हाताला आले तेवढे घेऊन आला. मोज म्हटलं तर तोंड पुढे, बोट मागे. एक चमचा दोनदा मोजला, एक सुटलाच. "मग किती झाले?" तर पुन्हा एकपासून सुरू! चार बायकांत आई ओशाळली आणि त्याच्या पाठीत धपाटा बसला.

तो धपाटा मलाच लागला. माझ्या लेकीला मीही असेच दिलेत. पुढे अंगणवाडीच्या ताईंबरोबर काम करू लागले, तेव्हा कळलं की आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या मिळून किती, हे उमगायला मुलांना वेळ लागतो. मोजण्याची ही तत्त्वं गेलमन आणि गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ सालीच पुस्तक लिहून मांडलीत. आपल्याला मात्र पाहुण्यांसमोर शंभर हवेत!

मैत्रिणींनो, यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. बटाटे घ्या, वाट्या घ्या. (चिंचोके नकोत, लहानगी तोंडात घालतात.) आधी तीनच. नुसतं बोट दाखवू नका; मोजलेला बटाटा उचलून टोपलीत टाकायचा, म्हणजे दोनदा मोजला जात नाही. मग विचारा, "टोपलीत किती?" तीन पक्के झाले की पाच, मग "चार दे" असं उलटं. त्याच वाट्या लांब लांब मांडल्या की पोरं "जास्त झाल्या" म्हणतात. हसू नका, पुन्हा मोजू द्या.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला विचाराल तर चार वर्षांच्या मुलाला एकवीस काय नि वीस एक काय, दहा नीट मोजता आले तरी पुष्कळ.

धपाट्यानंतर मी सूनबाईला एवढंच सांगितलं, रात्रीची ताटं त्याला मांडू दे. पंधरा-वीस दिवस चुकतच होता म्हणे. परवा मी गेले तर पाच ताटं मांडून झाली होती. जरा थांबला, म्हणाला, "आज आजोबा गावाला गेलेत," आणि एक ताट उचलून परत मांडणीवर ठेवून आला.